पेशी लागण्याआधी

चौथीतल्या एका मुलीच्या डायरीत मी लाल शाईनं शेरा लिहिला होता : ‘या आठवड्यात तीन वेळा गृहपाठ अपूर्ण. कृपया लक्ष द्यावे.’ असे शेरे आम्ही शिक्षक वर्षभरात शेकड्यांनी लिहितो. महिना-दीड महिन्यानं शाळा सुटताना तिची आई फाटकाशी उभी दिसली. हातात त्याच पानाची झेरॉक्स. रविवारी मुलगी वडिलांकडे गेली होती, दप्तर बरोबर होतं, पानाचा फोटो निघाला होता. “मॅडम, हे तुमचंच अक्षर ना? त्यांच्या वकिलानं कोर्टात लावलंय. आईचं मुलीकडे लक्ष नाही म्हणून.” ती माझ्यावर चिडलेली नव्हती. त्या आठवड्यात पोरीला ताप होता, तेवढं मी लिहून देऊ शकते का, एवढंच तिला विचारायचं होतं.

त्या दिवसानंतर मी त्या मुलीच्या डायरीत एकही शेरा लिहिला नाही. पाढे चुकले तरी नाही, मधल्या सुट्टीत एकटीच बसून राहायला लागली तरी नाही. वर्गातल्या बाकीच्या मुलांच्या घरी खरं काय ते कळवणारी बाई होती. हिच्या घरी काही कळवायचं तर ते कुठल्या फाइलला लागेल, याची मला धास्ती वाटायची. तिच्या आई-वडिलांच्या भांडणात तिचं काय काय गेलं त्याची यादी कुणी केली नसेल, पण त्या यादीत मीही आहे.

इंदूरच्या शाळांमध्ये एकतीस वर्षं शिकवल्यावर एका गोष्टीबद्दल माझं मत पक्कं झालं आहे. मुलाच्या ताब्याचा अर्ज कोर्टात आला की पहिली पेशी, म्हणजे सुनावणी, लागण्याआधी आई-वडिलांना प्रशिक्षित मध्यस्थासमोर बसायला लावलं पाहिजे. इच्छा असेल तर बसा असं नव्हे, बसलंच पाहिजे. सक्ती बसण्याची असावी, सही करण्याची नाही. आणि त्या खोलीत बोलणं फक्त मुलाबद्दल व्हावं.

हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे नेमकी तिथंच गल्लत होते. मध्यस्थी म्हटलं की मध्य प्रदेशात लोकांच्या डोळ्यांसमोर ‘सुलह’ येते. पोलिसांच्या परिवार परामर्श केंद्रातली ती टेबल-खुर्ची, समोर सून, बाजूला सासू, आणि ‘थोडं तू सोड, थोडं ते सोडतील’. आपल्या मराठी घरांत त्याआधी एक बैठक झालेली असतेच. रामबागेत नाही तर लोकमान्य नगरात कुणाच्या तरी दिवाणखान्यात मोठे काका, मामा, लग्न जमवणारे गृहस्थ जमतात, पोह्यांच्या बशा फिरतात आणि प्रश्न एकच असतो : पुन्हा नांदणार की नाही? मुलाचं नाव निघतं तेही ‘निदान त्याच्याकडे बघून तरी नांदा’ असं. मुलाचं पुढे काय, हा प्रश्न बैठकीत येतच नाही, कारण तो विचारणं म्हणजे संसार मोडला हे कबूल करणं.

कायद्यानंही ही गाठ सोडवलेली नाही. कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ चा. त्याच्या कलम ९ नं तडजोडीचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्यच ठरवलं आहे. पण न्यायाधीश निवडताना कसे लोक बघावेत हे सांगणारं कलम ४ वाचलं की लक्षात येतं : विवाहसंस्था टिकवण्याबद्दल आस्था असलेले आणि मुलांच्या हिताची जाण असलेले, अशा दोन्ही अपेक्षा एकाच वाक्यात घातल्या आहेत. जणू पहिली पूर्ण झाली की दुसरी आपोआप होते. माझ्या वर्गात अशी मुलं होती ज्यांचे आई-वडील समजूत घालून पुन्हा एकत्र आणले गेले आणि ती रोज सकाळी सुजलेल्या डोळ्यांनी प्रार्थनेला उभी राहायची. अशीही होती ज्यांचे आई-वडील वेगळे झाले, पण दोघांनाही मुलाच्या सहामाहीचं वेळापत्रक पाठ होतं. लग्न वाचवणं आणि मूल सांभाळणं ही दोन वेगळी कामं आहेत. ती एकाच माणसानं, एकाच बैठकीत करू नयेत.

आता सक्तीकडे वळते, कारण पहिला आक्षेप तिच्यावरच येतो. मध्यस्थी म्हणजे राजीखुशीचा मामला, तिथं जबरदस्ती कशी चालेल? पण आपल्याच देशात ती चालते. इंदूरच्या एम. टी. क्लॉथ मार्केटमधल्या एखाद्या व्यापाऱ्याचे तीन लाख रुपये दुसऱ्या व्यापाऱ्याकडे अडकले, तर तातडीचा हुकूम मागायचा नसेल तेव्हा त्याला थेट दावा लावता येत नाही. आधी मध्यस्थीकडे जावं लागतं. व्यापारी न्यायालयांच्या कायद्यात २०१८ मध्ये आलेलं कलम १२-अ तसं सांगतं, आणि ही तरतूद बंधनकारक आहे असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशनच्या निकालात स्पष्ट केलं. तीन लाखांच्या थकबाकीसाठी आपण माणसांना बसायला लावतो आणि सहा वर्षांच्या मुलासाठी ‘तुमची मर्जी’ म्हणतो, हे मला पटत नाही.

मध्यस्थी कायद्याचं विधेयक २०२१ मध्ये आलं तेव्हा त्यात दाव्याआधीची मध्यस्थी सक्तीची होती. संसदेच्या स्थायी समितीनं त्याचा फेरविचार करायला सांगितलं, आणि २०२३ चा कायदा झाला तो ऐच्छिक. सगळ्याच दिवाणी वादांना सक्ती लावण्याला विरोध झाला हे मी समजू शकते. पण त्या सरसकट विरोधात मुलांचा वेगळा विचार राहून गेला. विधी आयोगानं मात्र २०१५ मध्ये पालकत्व आणि ताब्याच्या कायद्यांवरच्या आपल्या २५७ व्या अहवालात या वादांतल्या मध्यस्थीवर स्वतंत्रपणे लिहिलं होतं. तो अहवाल तसाच पडून आहे.

मुलाचा वेळ आणि कोर्टाचा वेळ यांत फरक असतो. वकिलाला सहा महिने म्हणजे तीन-चार पेशा. पहिलीतल्या मुलाला सहा महिने म्हणजे अक्षरं जुळवून वाचायला लागण्याचा अख्खा काळ. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ मध्ये २००१ साली एक दुरुस्ती झाली : मुलांच्या खर्चाचा आणि शिक्षणाचा अर्ज, नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा. ताब्याच्या अर्जाला तिथं अशी मुदत नाही. मूल कुणाकडे राहणार हे ठरायला कितीही वेळ लागला तरी चालेल, असाच त्याचा अर्थ होतो.

आणि त्या वेळात गोष्टी गोठतात. पालक आणि पाल्य कायदा १८९० चा, म्हणजे इंदुरात शिवाजीराव होळकर गादीवर होते तेव्हाचा. आजही अर्ज त्याच कायद्याखाली होतात. मूल सामान्यतः जिथं राहतं तिथल्या न्यायालयात अर्ज करावा, असं त्याचं कलम ९ सांगतं. वाचायला सरळ, पण त्यामुळे घरात काय होतं ते इंदूरच्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. आपल्या किती मुली पुण्या-नागपूरला दिलेल्या आहेत आणि किती मुलं तिकडे नोकरीला आहेत! भांडण विकोपाला गेलं की कुणीतरी एका रात्रीत मुलाला घेऊन स्लीपर बसमध्ये बसतं. मूल इकडे असलं की कोर्ट इकडचं, तिकडे असलं की तिकडचं, असा हिशेब वकील समजावून सांगतो. मग दोन राज्यांत दोन अर्ज होतात. एका राज्यातला खटला दुसऱ्या राज्यात हलवायचा तर अर्ज थेट दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात. मूल कुणाकडे राहावं यावर अजून कुणी एक शब्द बोललेला नसतो आणि शाळेचं एक वर्ष वाहून गेलेलं असतं. माझ्या वर्गात एकदा दिवाळीनंतर पुण्याहून एक मुलगा आला. टीसी नव्हता, कारण तो वडिलांनी अडवला होता. गॅदरिंगच्या दिवशी सगळ्यांच्या नावाचा पुकारा झाला, त्याचा नाही, कारण हजेरीपटावर त्याचं नावच नव्हतं.

मध्यस्थीची पहिली बैठक अर्ज आल्यापासून तीन आठवड्यांत व्हावी, हवं तर एक जण पुण्याहून व्हिडिओवर बसावा, आणि त्या दिवसापर्यंत मुलाला आहे त्या गावातून, आहे त्या शाळेतून कुणी हलवू नये. एवढं झालं तरी ही रात्रीची पळवापळवी पुष्कळ थांबेल. ऑनलाइन मध्यस्थीची सोय २०२३ च्या कायद्यात आहेच.

त्या खोलीत काय ठरू शकतं, हे मला शिक्षिका म्हणून अगदी स्वच्छ दिसतं. कोर्टाचा हुकूम साधारण असा असतो : महिन्यातले दोन रविवार, सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच. त्यात डायरी नसते. डायरीवर सही कुणाची चालेल? फाटकातून मुलाला कोण नेऊ शकतं, आजोबा चालतील का? पालकसभेला दोघं एकत्र येणार की वेगवेगळे? मुलाचं नाव कुठल्या समग्र परिवार आयडीत, म्हणजे सरकारी कुटुंब-क्रमांकात, राहणार? मध्य प्रदेशात हा प्रश्न छोटा नाही. मूल वडिलांच्या परिवार आयडीत अडकलेलं आणि आई माहेरी, अशा वेळी प्रवेशाच्या खिडकीवर रडणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. समोरच्यानं एक संमती दिली की जे काम दहा मिनिटांत होतं, त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी पेशी. शिवाय गणपती कुठे आणि दिवाळीचा पाडवा कुठे, अनंत चतुर्दशीच्या झाँक्या बघायला बाबांच्या खांद्यावर बसायचं की नाही, रंगपंचमीची गेर, उन्हाळ्यात आजोळ किती दिवस, रात्री फोन किती वाजता आणि तो स्पीकरवर ठेवायचा की नाही. न्यायाधीशाला हे ठरवायला वेळ नाही आणि ते त्याचं कामही नाही. आई-वडिलांनाच ते ठरवता येतं. फक्त त्यासाठी त्यांनी एकदा एका टेबलाशी बसावं लागतं, आणि वकिलाची नोटीस हातात पडल्यावर आपण होऊन कुणी बसत नाही. पहिला फोन जो करेल तो कमजोर, असं दोन्हीकडचे नातेवाईक सांगत असतात. बसणं सक्तीचं केलं की ही पहिला फोन कुणी करायचा याची अडचण निघून जाते. माघार कुणी घेतली नाही, कोर्टानं बोलावलं म्हणून आलो, असं दोघांनाही म्हणता येतं. सक्तीचा माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा फायदा हाच आहे.

तरीही एक आक्षेप असा आहे की त्याला उत्तर दिल्याशिवाय ही मागणी करण्याचा मला अधिकार नाही. ज्या बाईनं मार खाल्ला आहे तिला त्याच माणसासमोर बसायला लावायचं का? नाही. कधीच नाही. महिलांवरील हिंसाचाराविरुद्धचा युरोपचा २०११ चा इस्तंबूल करार हिंसेच्या प्रकरणांत सक्तीची मध्यस्थी नको असं कलम ४८ मध्ये स्पष्ट म्हणतो. इंग्लंडमध्ये २०१४ पासून कोर्टात जाण्याआधी निदान मध्यस्थीच्या माहिती-बैठकीला हजर राहावं लागतं. २०२३ मध्ये तिथल्या सरकारनं खुद्द मध्यस्थीच सक्तीची करण्याचा प्रस्ताव आणला, त्यावर घरगुती हिंसाचाराच्या मुद्द्यावरून जोरदार टीका झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये तो सोडून दिला. ऑस्ट्रेलियानं २००६ च्या कायद्यानं सक्ती आणली, पण हिंसा आणि मुलांवरचे अत्याचार यांना सूट ठेवली. हे सगळे अनुभव मी गंभीरपणे घेते.

आपल्याकडे खरी अडचण ही की हिंसा सांगितलीच जात नाही. नवरा समोर असताना तर नाहीच. म्हणून दोघांना एकत्र आणण्याआधी प्रत्येकाशी वेगळ्या दिवशी, वेगळं बोलणं व्हायला हवं. ‘घरी गेल्यावर या बैठकीबद्दल तुम्हाला कुणाची भीती वाटते का?’ हा प्रश्न एकांतात, तिच्या भाषेत विचारला गेला पाहिजे. ती ‘हो’ म्हणाली तर तेवढं पुरे. एफआयआर आहे का, डॉक्टरचा कागद आहे का, हे विचारायचं नाही. प्रकरण थेट न्यायाधीशाकडे. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात कलम २१ खाली मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो, तो रस्ता तिच्यासाठी उघडाच राहिला पाहिजे. काही जण या सवलतीचा खोटा फायदा घेतील असं मला लगेच सांगितलं जाईल. घेतील. त्यांची केस आज जशी चालते तशी चालेल, त्यापेक्षा वाईट काही होणार नाही. उलट बाजूची चूक झाली तर एक बाई मार खाल्लेल्या अंगानं हसून सही करेल. या दोन चुका सारख्या नाहीत.

दुसरी भीती पैशाची. ‘पोटगी सोड, मुलगा घे’ हा सौदा आपल्याकडे सर्रास होतो, आणि मध्यस्थीच्या बंद खोलीत तो अधिक सोपा होईल हे मला मान्य आहे. त्यावर उपाय नियमातच हवा : मुलाच्या खर्चावर घासाघीस होणार नाही, आणि मुलाचं पोषण सोडून दिलेलं कलम असेल तर न्यायाधीशानं तो करार मान्य करू नये. मुलाचा खर्च हा मुलाचा हक्क आहे. आईला तो सोडून देण्याचा अधिकारच नाही, मग ती कितीही थकलेली असो.

मध्यस्थ कोण, यावर तर सगळं अवलंबून आहे. न्यायालयाच्या मध्यस्थांना चाळीस तासांचं प्रशिक्षण असतं. जमिनीच्या, भाड्याच्या वादाला ते कदाचित पुरेल. पण सात वर्षांचं मूल ‘मला बाबांकडे जायचंच नाही’ म्हणतं तेव्हा ते स्वतःचं सांगतंय की आईचं, की आईला बरं वाटावं म्हणून सांगतंय, हे ओळखायला मुलांमध्ये वर्षानुवर्षं काम केलेलं माणूस लागतं. माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिका, बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ या कामात आल्या पाहिजेत. समाजाच्या मंडळातल्या ज्येष्ठांबद्दल मला आदर आहे. २०२३ च्या कायद्यात सामुदायिक मध्यस्थीची तरतूद आहे, शेजारपाजारच्या तंट्यांना ती चांगलीही आहे. पण तिथं झालेल्या समझोत्याला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं बळ नाही, आणि ज्यांनी हे लग्न जमवलं त्यांच्यासमोर कुठलीही मुलगी मोकळं बोलू शकत नाही. मुलांचा प्रश्न त्यांच्याकडे नेऊ नये.

मुलाशी बोलणारी व्यक्ती आणि आई-वडिलांमध्ये बोलणं घडवणारी व्यक्तीही वेगळ्या असाव्यात. मध्यस्थीत बोललेलं गुप्त राहतं हा तिचा पाया आहे. पण ताब्याच्या प्रकरणात मुलाच्या हितासाठी समुपदेशकाचा अहवाल न्यायालय वाचू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये पेरी कन्साग्रा प्रकरणात म्हटलं. मला ते योग्य वाटतं. मात्र आई-वडिलांना आणि मुलालाही आधीच सांगितलेलं असावं, काय बाहेर जाईल आणि काय नाही. नाहीतर माझ्या त्या शेऱ्यासारखं होतं, विश्वासानं लिहिलेलं किंवा बोललेलं दुसऱ्या दिवशी पुरावा बनतं. आणि कुणीही, कुठल्याही खोलीत, मुलाला ‘आई हवी की बाबा?’ असं विचारू नये. नॉर्वेत सोळा वर्षांखालचं मूल असलेल्या आई-वडिलांना वेगळं होताना निदान एक तास मध्यस्थीला बसावंच लागतं, वाद असो वा नसो. कॅलिफोर्नियात ताब्याचा वाद असेल तर १९८१ पासून ही पायरी चुकत नाही. तिथली माणसं आपल्यापेक्षा समजूतदार आहेत असं मी मानत नाही. त्यांनी फक्त त्या एका तासाची सोय केली.

त्या चौथीतल्या मुलीचे वडील पालकसभेला नेहमी उशिरा, आई निघून गेल्यावर यायचे. एकदा वर्ग रिकामा होता, मी खुर्च्या सारत होते. ते दारात थांबले आणि म्हणाले, “मॅडम, तिची मराठीची वही बघायला मिळेल का? आता तिचं अक्षर कसं येतं ते बघायचं होतं.” वह्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावरच होता, तिची वरून तिसरी की चौथी. त्यांच्या हातात मोबाइल होता. मला ती झेरॉक्स आठवली. वह्या तपासायला घरी नेल्या आहेत, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी टेबलाकडे एकदा पाहिलं, मान हलवली, मोबाइल खिशात ठेवला आणि जिना उतरून गेले.